बाबांच्या कार्डावर काका

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. या गोष्टीत नावांनी आधीच पुरेसा घोळ घातलाय.

आमच्या बाबांना पोटावरची खूण दाखवायची भारी हौस होती. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीत पाहुणा आला, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलून झालं, की बाबांचा हात शर्टाच्या टोकाकडे जायचाच. पोटाच्या उजव्या बाजूला खाली एक तिरकी, चकचकीत रेघ होती. मी अगदी लहान असताना त्यांचं अपेंडिक्स काढलं होतं, विम्याच्या हॉस्पिटलात. विमा म्हणजे कामगार विमा. कंपनीतल्या कामगाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे आणि त्याच्या बदल्यात त्याला आणि त्याच्या घरच्यांना दवाखाना, औषधं, हॉस्पिटल सगळं फुकट. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते.

त्या ऑपरेशनची गोष्ट आमच्या घरात सणावाराला सांगितली जायची. डोक्यावर पंखा होता. सकाळी दूध आणि पाव यायचा. मोठे डॉक्टर स्वतः खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घाबरू नका. चामटोलीसारख्या गावात ओवा आणि शेकावर वाढलेल्या माणसाच्या खांद्यावर मोठ्या डॉक्टरांनी हात ठेवला, हे बाबा कधी विसरले नाहीत आणि आम्हालाही त्यांनी विसरू दिलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली का सुरू तुमची कथा? त्या माणसाला जेवायचंय अजून, पोट काय दाखवताय!"

मग मधली काही वर्षं आम्ही विम्याबाहेर होतो. त्याचं कारण कुणाला सांगितलं तर पटत नाही. युनियनने चांगला करार केला आणि बाबांचा पगार वाढला. चाळीत पेढे वाटले. विम्याला पगाराची एक मर्यादा असते आणि आपण ती ओलांडली, हे बाबांना पेढे संपल्यावर कळलं. टाइम ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं, तुमचा विमा बंद, तुम्ही आता वरच्या पगाराचे. बाबा घरी येऊन बराच वेळ पलंगावर बसून राहिले. पगार वाढला म्हणून एवढं तोंड पाडलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या वर्षांत आमच्या घरात कुणी आजारी पडायचंच नाही. म्हणजे पडायचं, पण तसं म्हणायचं नाही. आईची दाढ सुजून गाल फुगला तरी ती लवंग धरून स्वयंपाक करायची. मला सणसणून ताप आला तरी आधी काढा, मग मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, मग शेजारच्या काकूंकडच्या उरलेल्या गोळ्या आणि अगदीच बोलती बंद झाली की स्टेशन रोडवरचे डॉक्टर. दुखणं पुरेसं मोठं होईपर्यंत आम्ही त्याच्याकडे बघतच नव्हतो. आम्हीच नाही, सगळी चाळ तशीच जगत होती.

नव्वदीनंतर कधीतरी सरकारने ती पगाराची मर्यादा वाढवली आणि बाबा परत विम्यात आले. मी तेव्हा उल्हासनगरला कॉलेजात होते. बाबा कार्ड घेऊन घरी आले ते मिशीत हसत. आईने ते देवासमोर ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि दुसऱ्याच आठवड्यात इस्त्रीची साडी नेसून ती हॉस्पिटलला निघाली. झालं काय होतं? टाच दुखत होती.

ती दवाखान्यात नाही गेली, हे महत्त्वाचं. विम्याचा दवाखाना वेगळा होता. तिथे सकाळी रांग लावायची, तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर पुढे हॉस्पिटल. पण फर्स्ट शिफ्टच्या माणसाला सकाळची रांग कशी जमणार? आणि बायकांना डबे, पाणी, मुलांच्या शाळा. कॅज्युअल्टी मात्र सदा उघडी. कॅज्युअल्टी म्हणजे अपघात विभाग, यंत्रात हात सापडलेला, ॲसिड उडालेला, छातीत कळ आलेला माणूस आणायची जागा. आमच्या लोकांनी दोन्हींतली सोय बरोबर हेरली. कॅज्युअल्टीत गेलं की चिठ्ठी लागत नाही आणि डॉक्टर हमखास भेटतो, ही बातमी चाळीचाळींतून फिरली. मर्यादा वाढल्यामुळे आमच्यासारखी कितीतरी घरं एकदम आत आली होती, आणि सगळ्यांची वर्षानुवर्षांची तुंबलेली दुखणी होती. सगळे तिथेच. खोकला तिथे, खरूज तिथे, सासूचे गुडघे तिथे. बाकावर जागा मिळावी म्हणून बायका रुमाल टाकून ठेवायच्या. एकदा मी आईबरोबर गेले तेव्हा आतून एक डॉक्टर बाहेर आले आणि ओरडले, "ही कॅज्युअल्टी आहे की भाजी मंडई?" कुणीही जागचं हललं नाही. आईने मला हळूच सांगितलं, "ओरडू देत. आपल्या हक्काचं आहे."

आता काकांविषयी. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. चामटोलीलाच राहायचे, बदलापूरला येऊन गाडी पकडायचे आणि उल्हासनगरात एका सेठच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. सेठ माणूस वाईट नव्हता, दिवाळीला मिठाईचा डबा द्यायचा, लग्नाला यायचा. पण विमा लागू व्हायला जेवढी माणसं लागतात त्याहून एक माणूस तो नेहमी कमीच ठेवायचा. काकांना त्याचं कधी काही वाटलं नाही. ते बाबांपेक्षा उंच, आवाज मोठा, हसले की अख्खी चाळ ऐकायची. मला त्यांनी खांद्यावर बसवून गावची जत्रा दाखवली होती. माझा त्यांच्यावर बाबांपेक्षा जास्त जीव होता, हे आता लिहायला हरकत नाही.

आणि काकी. काकी कर्जतकडच्या एका गावातली, शेतावर वाढलेली, बोलायला खमकी. पण काही बाबतींत जुन्या वळणाची. बाबा, म्हणजे तिचे मोठे दीर, समोर आले की डोक्यावर पदर. नवऱ्याचं नाव तर तिने कधीच घेतलं नाही. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आजीने सांगितलं होतं आणि तिने ते गाठीला बांधलं होतं. "हे आले," "यांचा डबा," "ऐकलं का." तिच्या लग्नात घास भरवताना बायकांनी नाव घ्यायला लावलं, तेव्हा ती एवढं हळू पुटपुटली की शेजारी बसलेल्या करवलीलाही ऐकू गेलं नाही. आई तिला चिडवायची, "मतदान करायला गेलीस तर नवऱ्याचं नाव काय सांगतेस गं?" काकी म्हणायची, "पोलिंगवाल्याला बोट दावते. वाच म्हणते."

काका आमच्याकडे आले ते पोट धरून. कारखान्यातच दुखायला लागलं म्हणून गावी न जाता मधे अंबरनाथलाच उतरले. मागोमाग निरोप मिळून काकी आली. काका भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि तरी आमच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. आईने ओवा दिला, हिंग लावलं. उलटी झाली. काकी म्हणाली, "यांना असा कदी झाला नाय."

उल्हासनगरात सरकारी हॉस्पिटल होतं. केसपेपर काढला की तिथे कुणालाही दाखवता यायचं. पण हक्काचं कार्ड हातात आल्यापासून आमच्या घरात सरकारी हॉस्पिटल म्हटलं की सगळे नाकं मुरडायचे. कार्डावर तेव्हा फोटो नव्हता. चाळीत एकाचं कार्ड दुसऱ्याने नेणं म्हणजे साखर उसनी आणण्याइतकं साधं झालं होतं. कुणी मेव्हण्याला नेलं होतं, कुणी भाडेकरूला. तेव्हा आईच म्हणाली, "कार्ड कशाला आहे मग घरात?"

बाबा जरा थांबले. त्यांना भीती वाटली असणार. पकडलं गेलं तर कार्ड जाईल, कंपनीला कळेल. पण काका कण्हले आणि बाबा उठले. देवासमोरचं कार्ड घेतलं आणि काकांच्या हातात दिलं. म्हणाले, "माझा भाऊ आहे. माझं ते त्याचं."

मला तेव्हा बाबांचा फार अभिमान वाटला. काकीने तर पदर सावरून त्यांना वाकून नमस्कार केला.

मग तालीम झाली. काकांना बाबांचं नाव, वय, कंपनी, सगळं सांगितलं. डॉक्टर काय विचारतील त्याला हो म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. काकीला काही सांगायची गरज नव्हती. नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती आणि मोठ्या दिराचंही तिला घेता येत नव्हतं. बाबा म्हणाले, "तू नुसती बस." बाबांना तर यायचंच नव्हतं, कारण कागदावर तेच पेशंट होते. ते कामावर गेले. मी, काका आणि काकी रिक्षाने निघालो.

कॅज्युअल्टी तुडुंब. आमच्या पुढे एक बाई मुलाला जंताचं औषध मागायला आली होती. एकाला कंपनीत दाखवायला आजारपणाचं सर्टिफिकेट हवं होतं. एक सिंधी आजोबा सगळ्यांना "लाइन में, साईं, लाइन में" म्हणत स्वतः पुढे सरकत होते. काका बाकावर दुमडून बसले होते. वॉर्डबॉयने बाबांच्या नावाने हाक मारली. पहिल्यांदा कुणी उठलंच नाही. मी काकांना कोपराने ढोसलं, तेव्हा ते "ओ" म्हणाले.

डॉक्टरांपुढे जुना केसपेपर होता. कार्डावरच्या नंबरावरून रेकॉर्ड रूममधून तो आला होता. आमच्या हॉस्पिटलचं काय नीट चालत नव्हतं कोण जाणे, पण रेकॉर्ड रूम चोख होती. डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली आणि विचारलं, "पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय ना? इथेच?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो साहेब."

मला चक्क बरं वाटलं. काका काय बेमालूम निभावून नेतायत, असं वाटलं. त्या ऑपरेशनची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पंखा पाठ, दुधाची चव पाठ, डॉक्टरांचा हात पाठ. आणि नेमकं काय काढलं होतं, ते त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांच्या आलं नाही, आईच्या आलं नाही, खुद्द काकांच्या आलं नाही. आज हे लिहितानाही माझा त्यावर विश्वास बसत नाही.

डॉक्टरांनी काकांना झोपवलं नाही. झोपवायला टेबल रिकामं कुठे होतं? तिथे कुणाचीतरी टाच तपासत होते. बसल्या बसल्या शर्टावरूनच पोट दाबलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "गॅसेस आहेत. इंजेक्शन घ्या, तिखट बंद करा. नेक्स्ट." आम्ही बाहेर आलो. काकी म्हणाली, "लवकर झाला बाय. हाकलून नाय दिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचं दुखणं एकदम थांबलं. खरंच थांबलं. घामाघूम होऊन ते उठून बसले आणि म्हणाले, "गेलं गं! काय इंजेक्शन होतं!" आईने मऊ भात केला. काकांनी दोन घास खाल्ले. बाबा कामावरून आले आणि सगळ्यांकडे असे बघायला लागले, की जणू तो इंजेक्शनवाला डॉक्टर तेच होते. "विमा आहे म्हणून," ते म्हणाले. "नाहीतर बसला असतास हिंग लावत."

आत अपेंडिक्स फुटलं होतं. फुटलं की थोडा वेळ आराम पडतो. हे मला पुढे कळलं. तेव्हा आम्ही त्या आरामाचा भात खाल्ला.

मग ताप चढला. पोट फळीसारखं कडक झालं. काका हसायचे थांबले, मग बोलायचे थांबले आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग असा झाला की काकी त्यांच्याकडे न बघता नुसती त्यांचे पाय चोळत बसली. तिसऱ्या दिवशी बाबांची सुट्टी होती. परत रिक्षा, परत तेच हॉस्पिटल, भर दुपारची तीच मंडई. या वेळी बाबा बरोबर होते. रिक्षात ते मला एवढंच म्हणाले, "कार्ड घेतलंस ना?"

या वेळी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने काकांना बाकावर पाहिलं आणि रांग बाजूला सारून आत घ्यायला लावलं. टेबलावर कुणीतरी बाई पाय सोडून बसली होती, तिला उठवलं. काकांना झोपवलं. शर्ट वर केला. बोटं टेकवली मात्र, काका असे ओरडले की बाहेरची गर्दी गप्प झाली. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

तिने केसपेपर पाहिला. मग काकांचं पोट पाहिलं. मग परत कागद. दिवा जवळ ओढला आणि उजव्या बाजूला वाकून पाहिलं. काकांचं पोट स्वच्छ होतं. एक ओरखडा नाही.

"यांचं अपेंडिक्स काढलंय ना?" तिने विचारलं. "मग खूण कुठे आहे?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी आपला हात स्वतःच्या पोटावर ठेवला होता, शर्टावरून, उजव्या बाजूला खाली. आल्यागेल्याला जी खूण शर्ट वर करून दाखवायचे, ती त्यांनी तळहाताने झाकून धरली होती.

"अहो, मी काय विचारतेय?" डॉक्टरीण म्हणाली. "हा पेशंट कोण आहे? अपेंडिक्स काढलेलं असेल तर मला वेगळा विचार करायला लागेल. नसेल तर ते आत फुटलंय आणि मला आत्ताच्या आत्ता सर्जनना बोलवायला लागेल. कोण आहे हा माणूस?"

काकांची शुद्ध अर्धवट होती. "हो साहेब," ते पुटपुटले. अजूनही शिकवलेलंच बोलत होते.

काकीने बाबांकडे पाहिलं. पदर डोक्यावर होता, तरी तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. असं तिने त्याआधी कधी केलं नव्हतं. बाबांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलतील, हा माझा भाऊ, कार्ड माझं. एवढंच बोलायचं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर कुटुंब नियोजनाचं पोस्टर होतं. ते त्यांनी वाचायला घेतलं.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी लपवत नाही. मला त्यांची घृणा वाटली.

मीही बोलायला हवं होतं, आणि बोलणारही होते. माझा आवाज फुटायच्या आत काकी ओरडली. तिने नाव घेतलं. नवऱ्याचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. पुरतं, खणखणीत, शेतातून पलीकडच्या बांधाला हाक मारावी तसं. सगळ्या मंडईने ऐकलं. मग म्हणाली, "हा माजा नवरा हाय. याचा काय काढला नाय कदी. कार्ड दुसऱ्याचा हाय. मना जेलात घाला, पन याला हात लावा!"

दुसऱ्याचा. ती "भावाचा" म्हणाली नाही. आणि बोलताना तिने बाबांकडे बोटही दाखवलं नाही.

डॉक्टरिणीने जुना कागद सिस्टरच्या हातात दिला, नवा घेतला आणि त्यावर काकीने सांगितलेलं नाव लिहिलं. मग पळापळ सुरू झाली. स्ट्रेचर, सलाइन, वॉर्डबॉयचं "बाजू, बाजू". काकांना आत नेलं तेव्हा काकीच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तो तिने परत घेतला नाही. ती बाकावर बसली. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "मी नाव घेतला. आता यांचा काय व्हईल गं?" एवढं सगळं झाल्यावरही तिला धास्ती त्याचीच होती. मला रडू फुटलं.

ऑपरेशन लांबलं. संध्याकाळी ती डॉक्टरीण बाहेर आली. पोटात सगळा पू झाला होता, म्हणाली, पण वाचतील असं वाटतंय. बाबा पुढे झाले आणि हात जोडून बोलायला लागले. ते बोलले ते हे: "मॅडम, विम्यात नव्हता तो, म्हणून नाइलाजाने..."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला राग आला नव्हता, ते मला जास्त लागलं. तिला नुसतं कळत नव्हतं. "अहो, पण इमर्जन्सीला कार्ड कोण विचारतं?" ती म्हणाली. "असं पोट घेऊन आलेल्या माणसाला आम्ही हाकललं असतं? पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावाने आणला असतात तर समोर जुना कागद नसता आला. डॉक्टरांनी पहिला विचार अपेंडिक्सचाच केला असता. अगदीच काही नाही तर आमच्या गाडीने सरकारीत पोचवला असता. तुम्ही कार्ड नसतं दिलं, तर यांना एवढं झालंच नसतं."

एवढं बोलून ती आत गेली, कारण बाहेर रांग होती. खोकला, खरूज, सासूचे गुडघे.

मला आजही त्या वाक्याचा धक्का पचलेला नाही. आम्हाला वाटत होतं की दार बंद आहे आणि किल्ली फक्त बाबांकडे आहे. दार उघडंच होतं. आम्हीच काकांना दुसऱ्याचा मुखवटा घालून आत नेलं. आणि त्या डॉक्टरांना टेबलावर झोपवून नीट बघायला जी दोन मिनिटं मिळाली नाहीत, ती आम्हीच आमच्या टाचा आणि सर्दी-पडशांनी आधी खाऊन ठेवली होती. विमा नव्हता तेव्हा आम्ही मरेपर्यंत घरात बसायचो, आणि विमा आला तेव्हा शिंक आली की धावायचो. जायचं कधी, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

बाबांना वाटलं होतं, कंपनीत बोलावणं येईल. किती तरी दिवस ते दारावर थाप पडली की दचकायचे. काही आलं नाही. त्या डॉक्टरिणीने बहुतेक काही लिहिलंच नसावं. आईने कार्ड देवासमोरून उचलून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं.

काका बरेच दिवस हॉस्पिटलात होते. आले ते निम्मे होऊन, पण आले. गावी जायच्या आधी आमच्याकडे थांबले. आईने शिरा केला होता, शेजारपाजारचे जमले होते. बाबा पलंगाच्या कडेला बसून होते. काकी स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आली, दारात उभी राहिली आणि काकांना नावाने हाक मारली. नुसतं नाव. मागे अहो नाही, पुढे राव नाही.

आईच्या हातातला चमचा शिऱ्यातच राहिला. शेजारच्या काकूंनी तर तोंडावर हात ठेवला. काकांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं, पण वॉर्डातल्या बायकांनी सगळं सांगितलं होतं. ते हसले, टाके दुखले म्हणून मधेच थांबले आणि म्हणाले, "ओ."

"अगं, काय हे!" आई म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच घेतला होता ना वयनी," काकी म्हणाली. "तवा नसता घेतला तर आज हाक कोनाला मारली असती?"

तेव्हापासून ती काकांना नावानेच हाक मारते. गावात बायका काय काय बोलल्या. घरात, विहिरीवर, बदलापूरच्या बाजारात, माझ्या लग्नाच्या मांडवात भटजींच्या डोक्यावरून, तिने सगळीकडे तशीच हाक मारली. बाबांना तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. सणाला यायची, वाकून नमस्कार करायची, ताट वाढायची, "भाऊजी, आणि घ्या" म्हणायची. फक्त त्यांच्या समोर पदर मात्र परत कधी डोक्यावर घेतला नाही.

बाबांनी त्यानंतर ऑपरेशनची गोष्ट कुणाला सांगितली नाही. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, इकडचं तिकडचं बोलून संपायचं आणि मग सगळे उगाच गप्प बसायचे. काकी आलेली असली की स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारायची, खणखणीत आवाजात. काकांनी ओ द्यायच्या आधीच बाबांची मान खाली गेलेली असायची.